चंदीतली खोगीरभरती

बी-ट्वेल्व्हची गोळी, ओमेगा थ्रीची कॅप्सूल, जिमवाल्याने गळ्यात मारलेला प्रोटीनचा डबा... आपल्या ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये काय काय नसतं! पण हाच फंडा कुणी गावाकडच्या घोडीवर चालवला तर? तेरखेड्याच्या एका राणीची ही गोष्ट.

त्याचं झालं असं, की एका शुक्रवारी रात्री साडेअकरा वाजता कॉलेजमधल्या एका मित्राचा फोन आला. हा आमचा इंजिनिअर, हिंजवडीत असतो. "तू लिहितेस ना हेल्थबिल्थवर? मग मला सांग, घोड्यासाठी कुठल्या ब्रँडचं सप्लिमेंट सही आहे?"

मला आधी वाटलं, हा 'हॉर्सपॉवर'वाल्या एखाद्या गोळीबद्दल बोलतोय. पण नाही. खरोखरची घोडी होती. चार पायांची, नऊ वर्षांची, नाव राणी. ती याच्या गावाला, तेरखेड्याला, याच्या चुलत्यांच्या दारात बांधलेली असते. लग्नसराईत वराती आणि एरवी जत्रा-मिरवणुका, यावर तात्यांच्या घरखर्चाचा बऱ्यापैकी भाग निघतो. दिवाळीपासून राणी लंगडत होती. गंमत म्हणजे आज हा पाय, तर उद्या तो! चंदी खाताना थांबून थांबून चावत होती. आणि तात्यांचं म्हणणं, तिचं तोंड सुजल्यासारखं दिसतंय.

आमच्या इंजिनिअरनं काय केलं असेल? अर्थात, ऑनलाइन गेला. पाच डबे मागवले. एक खुरांसाठी, एक मल्टिमिनरल, एक स्नायूंसाठी, एक लिव्हर टॉनिक आणि एक घोडी शांत राहावी म्हणून. बिल सहा हजार चारशे. दोन महिने झाले, फरक शून्य. आता त्याला सहावा डबा हवा होता.

"सहावा नंतर घे," मी म्हटलं, "आधी घोडी दाखव."

फटाक्यांच्या गावात

पुण्याहून सोलापूर हायवेनं निघायचं, टेंभुर्णीला वळायचं, मग कुर्डुवाडी, बार्शी, येरमाळा आणि पुढे थोडक्यात तेरखेडा. धाराशिव जिल्ह्यातला वाशी तालुका. ज्यांनी गाव पाहिलं नाही त्यांनी नाव तरी फटाक्यांमुळे ऐकलेलं असतं. इथे फटाके तयार होतात आणि लोक त्याला महाराष्ट्राची शिवकाशी म्हणतात. आता विचार करा, फटाक्यांच्या गावात राहणारी आणि फटाक्यांना बिचकणारी घोडी! पाचव्या डब्याचं रहस्य तिथे पोचल्यावर उलगडलं.

राणी काठेवाडी वळणाची आहे. आत वळून एकमेकांना टेकू बघणारे कान, तांबूस अंग. मी घोड्यांमधली तज्ज्ञ वगैरे अजिबात नाही. माझा अनुभव माथेरानच्या एका फेरीचा आणि त्यानंतर दोन दिवस सरळ बसता न येण्याचा. पण तिच्याकडे समोरून पाहिल्यावर मलाही जाणवलं, की डोळ्यांच्या खाली, नाकाच्या दोन्ही बाजूंना हाड फुगल्यासारखं आहे.

तालुक्याचे एक पशुवैद्य त्याच वेळी येणार होते. ते आले, त्यांनी राणीचा जबडा चाचपला, पाय उचलून पाहिले आणि विचारलं, "रोज काय खाते?"

इंजिनिअरनं पाच डबे ओळीनं मांडले.

"हे नाही हो," डॉक्टर म्हणाले, "खाते काय?"

इथून पुढचा दीड तास हा माझ्या आयुष्यातला सगळ्यात भारी डाएट कन्सल्टेशनचा सेशन होता. आणि पेशंट एक शब्द बोलत नव्हता.

बॅग तोलायचा काटा

तात्यांचा हिशेब पाटीत होता. सकाळी दोन पाट्या भुसा, संध्याकाळी दोन पाट्या. भिजवलेला हरभरा एक माप. कडबा "पुरंल तेवढा". वर म्हशीसाठी लावलेलं हत्तीगवत, म्हणजे नेपियर, त्यातली एक पेंढी. डॉक्टर म्हणाले, पाटी हे माप नाही. हरभऱ्याची पाटी आणि भुशाची पाटी यांच्या वजनात जमीन-अस्मानाचा फरक. पाहिजेत किलो.

मग आमच्या इंजिनिअरला त्याच्या ऑनसाइटच्या दिवसांतला एअरपोर्टवर बॅग तोलायचा काटा आठवला. तो गाडीत होता! सगळं एका पोत्यात घालून टांगून तोललं. निघालं असं: कडबा सुमारे चार किलो, गव्हाचा भुसा तीन किलो, हरभरा एक किलो. हत्तीगवत वेगळं.

आणि राणीचं वजन? घोडीला काट्यावर कोण चढवणार! पण त्यालाही युक्ती आहे. टेलरचा टेप घ्यायचा. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजायचा, त्याला पुन्हा घेरानंच गुणायचं, मग खांद्याच्या टोकापासून ढुंगणाच्या टोकापर्यंतच्या लांबीनं गुणायचं आणि ११८७७ नं भागायचं. राणीचा घेर १६५, लांबी १५०. उत्तर आलं ३४४ किलो. अंदाजच, पण कामापुरता चांगला.

एवढ्या वजनाच्या घोडीला, फार कष्टाचं काम नसेल तर, दिवसाला साधारण १४ ग्रॅम कॅल्शियम आणि १० ग्रॅम फॉस्फरस लागतं. डॉक्टरांनी वहीच्या पानावर हिशेब मांडला. कडब्यातून कॅल्शियम १४ च्या आसपास, भुशातून ४, हरभऱ्यातून २. म्हणजे २० ग्रॅम.

"मग जास्तच आहे की!" इंजिनिअर खूश.

"आता फॉस्फरस बघा." कडब्यातून ४, हरभऱ्यातून ४ आणि भुशातून... ३३! एकूण ४१ ग्रॅम. कॅल्शियमच्या दुप्पट.

इथेच सगळी मेख आहे. घोड्याच्या पोटात कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त जायला हवं. दीडपट ते दुप्पट असेल तर उत्तम, निदान बरोबरीत तरी. उलटं झालं तर फॉस्फरस कॅल्शियमला आतड्यातून अंगात नीट जाऊच देत नाही. कागदावर २० ग्रॅम दिसतात, घोडीला मिळत नाहीत. गव्हाच्या भुशात फॉस्फरस कॅल्शियमच्या सात-आठ पट असतं. आणि हत्तीगवतानं त्यावर कडी केली. त्यात ऑक्सलेट असतं. ते उरल्यासुरल्या कॅल्शियमला बांधून टाकतं.

"पण म्हशी तर तेच खातात," तात्या म्हणाले. "त्यास्नी कुठं काय होतंय?"

प्रश्न बरोबर होता. म्हशीच्या कोठीपोटातले जिवाणू बरंचसं ऑक्सलेट आधीच फोडून टाकतात. घोड्याचं उलटं. त्याचं आंबवण पोटाच्या मागच्या टोकाला, मोठ्या आतड्यात चालतं आणि कॅल्शियम शोषायची जागा त्याच्या आधी, लहान आतड्यात. जिवाणू कामाला लागेपर्यंत गाडी स्टेशनातून निघून गेलेली असते.

रिपोर्ट नॉर्मल, घोडी आजारी

मला पडलेला प्रश्न तुम्हालाही पडेल. साधी ब्लड टेस्ट केली असती तर कळलं नसतं का? मजा म्हणजे, केली होती! इंजिनिअरच्या फोनमध्ये रिपोर्ट होता. कॅल्शियम नॉर्मल.

डॉक्टर हसले. रक्तातलं कॅल्शियम शरीर काहीही करून जागेवर ठेवतं, कारण हृदय आणि स्नायू त्यावर चालतात. खाण्यातून आलं नाही, तर हाडांतून काढतं. आपल्या भाषेत सांगायचं तर सेव्हिंग्ज अकाउंटचा बॅलन्स दर महिन्याला ठीक दिसतोय, पण तो पीएफ मोडून भरलाय! जबड्याची आणि चेहऱ्याची हाडं या वसुलीत आधी सापडतात. हाडातला चुना जातो, त्याजागी तंतूंसारखा मऊ भाग भरतो आणि तोंड सुजल्यासारखं दिसतं. दात ढिले वाटतात, म्हणून थांबून थांबून चावणं. आणि सांध्यांजवळची हाडं दुखतात, म्हणून आज हा पाय, उद्या तो.

युरोपात हा आजार जुना आहे. गिरणीवाल्यांच्या घोड्यांना व्हायचा, कारण त्यांच्याकडे कोंडा फुकट. म्हणून त्याला गिरणीवाल्यांचा आजार असंच नाव पडलं होतं. तात्यांच्या शेजारी काय आहे, ओळखा? पिठाची गिरणी.

पण भुसा तीन किलोवर गेला कसा? पूर्वी तर मूठभर असायचा. तात्यांनी पुतण्याकडे पाहिलं. पुतण्यानं माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "मीच सांगितलं होतं. फायबर चांगलं असतं ना... मी स्वतः सकाळी ब्रॅन फ्लेक्स खातो."

हसू नका. आपण सगळे हेच करतो. स्वतःला जे चांगलं, ते कुत्र्याला, मांजराला, मुलाला आणि जमलं तर घोडीलाही.

डब्यांवरची बारीक अक्षरं

मग पाच डबे उघडले. मी डेस्कवरचं काम म्हणून लेबलं वाचायला घेतली आणि माझे डोळे उघडले. एकावर प्रमाण 'दर १०० ग्रॅममध्ये', दुसऱ्यावर 'दर किलोत', तिसऱ्यावर 'एका स्कूपमध्ये'. तुलना करायची तर आधी सगळं 'रोज पोटात किती' या एका मापात आणावं लागतं. तेवढं केलं तर लक्षात आलं, की पाचपैकी तीन डब्यांत सेलेनियम होतं. खुरांच्या डब्यात, मल्टिमिनरलमध्ये आणि स्नायूंच्या बाटलीत.

सेलेनियम हे भलतंच नाजूक प्रकरण आहे. पाचशे किलोच्या घोड्याला दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅमच्या आसपास लागतं. तेवढं हवंच, पण फार जास्त झालं की विष. २००९ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत, फ्लोरिडातल्या वेलिंग्टनला, यूएस ओपन पोलो स्पर्धेच्या वेळी व्हेनेझुएलाच्या लेचुझा काराकास टीमचे २१ घोडे मेले होते. मॅचच्या आधी ताकदीसाठी म्हणून त्यांना व्हिटॅमिन-मिनरलचं इंजेक्शन दिलं होतं. औषध बनवताना चूक झाली आणि त्यात सेलेनियम भलतंच जास्त पडलं. जगातले भारीतले घोडे, भारीतले डॉक्टर हाताशी... आणि काही तासांत खेळ खलास.

राणीच्या बाबतीत तिन्ही डबे मिळून रोजचे चारेक मिलिग्रॅम होत होते. लगेच जीव जाईल असं नाही, पण तिच्या गरजेच्या पाच-सहा पट. आणि तात्या "लवकर गुण यावा" म्हणून अधूनमधून स्कूप दुप्पट करत होते, ते वेगळंच. तीन कंपन्या, तीन डबे. प्रत्येक कंपनी आपल्या जागी बरोबर. बेरीज मात्र कुणीच करत नाही.

बायोटिनबद्दल थोडं. खुरांच्या डब्यातली ही एक गोष्ट मात्र अगदीच थाप नाही. १९९५ साली छापून आलेल्या एका अभ्यासात लिपिझानर घोड्यांना रोज २० मिलिग्रॅम बायोटिन दिलं तेव्हा खुरांचा दर्जा सुधारलेला दिसला. पण किती दिवसांनी? साधारण नऊ महिन्यांनी! खूर वरून खाली सावकाश वाढतो, नवा खूर जमिनीला टेकेपर्यंत वर्ष जातं. डबा एक महिन्याचा. आणि राणीचे खूर मुळात छान होते. दुखणं खुरात नव्हतंच.

यावरून सारंगखेड्याची आठवण झाली. दत्तजयंतीला नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठी घोड्यांचा मोठा बाजार भरतो. तिथल्या देखण्या घोड्यांच्या खुराकाच्या गोष्टी टीव्हीवर दर वर्षी येतात. दूध, तूप, गूळ, बदाम, अंडी! ऐकायला शाही. पण तीनेक वर्षांच्या पुढच्या घोड्याला दूध नीट पचत नाही. आणि कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यात एक प्रथिन असतं, ते बायोटिनला बांधून ठेवतं. म्हणजे एका हातानं बायोटिनचा डबा विकत घ्यायचा आणि दुसऱ्या हातानं अंडं फोडून तो वाया घालवायचा. तात्यांकडे अंडी नव्हती, एवढंच सुख.

पाचवा डबा, शांत करणारा. त्यात मॅग्नेशियम होतं. अंगात मॅग्नेशियम कमी असेल तर जनावर चिडकं, बिचकणारं होऊ शकतं, हे खरं. पण कमी नसताना वरून घातलं तर घोडी फटाक्याला घाबरायची थांबते, असा भरवशाचा पुरावा नाही. राणीला आवाजाची सवय लावायची तर लांबून, हळूहळू, रोज थोडं. डब्याचं ते काम नाही. शिवाय ज्या घोडीची हाडं दुखतायत ती बिचकणार नाही तर काय करणार?

जाता जाता डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली, ती गाव-शहर सगळ्यांनी ऐकण्यासारखी. कोंबड्यांच्या आणि काही जनावरांच्या तयार खाद्यात मोनेन्सिन नावाचं औषध असतं. कोंबडीला ते चालतं, गाईला चालतं. घोड्याला मात्र थोडंसंही जीवघेणं, थेट हृदयावर जातं. तेव्हा 'पशुखाद्य आहे, काय होतंय' म्हणून शेजारचं पोतं घोड्यापुढे ओतू नका.

आई येडाईची चुनखडी

मग शेवटी विकत काय घेतलं? मला वाटलं होतं, डॉक्टर लांबलचक चिठ्ठी देतील. त्यांनी आधी काढायच्या गोष्टी सांगितल्या. भुसा बंद, पण एकदम नाही, आठ-दहा दिवसांत हळूहळू. घोड्याच्या पोटाला अचानक बदल खपत नाही, त्याला उलटीही करता येत नाही आणि पोट दुखायला लागलं तर जिवावर बेतू शकतं. हत्तीगवत म्हशीला. पाचही डबे कपाटात. कडबा पाच किलो. हरभरा आहे तसा. रोज पाचेक किलो हिरवा लसूणघास, कारण त्यात कॅल्शियम भरपूर, फॉस्फरस कमी, आणि वाळल्या कडब्यात नावालाही न उरलेलं व्हिटॅमिन ई हिरव्या घासातून आपोआप मिळतं. रोज तीनेक चहाचे चमचे मीठ, घाम गाळला तर जास्त. पाणी पोटभर.

आणि एकच पावडर. खाद्याच्या दर्जाचं कॅल्शियम कार्बोनेट. साध्या भाषेत, चुनखडीची पूड.

"चुनखडी?" तात्या एकदम उजळले. "आवो, आई येडाईच्या रानात दर चैत्राला आमी चुनखडी येचतोच की!"

येरमाळ्याची येडेश्वरी इथल्या पंचक्रोशीचं दैवत. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत लाखो लोक चुन्याच्या रानात चुनखडीचे खडे वेचतात. डॉक्टर म्हणाले, ते देवीपुढे ठेवा तात्या, घोडीला नको. आणि पानाला लावायचा चुना तर अजिबातच नको, तो तोंड आणि आतडं भाजून काढेल. वैद्यकीय दुकानातली पाकीटबंद पूड आणायची आणि काट्यावर तोलून द्यायची. सुरुवातीचे काही महिने मुद्दाम कॅल्शियमचं पारडं जड ठेवायचं, मग पुन्हा हिशेब करायचा. शंका असेल तर चाऱ्याचा नमुना तपासून घ्यायचा. मराठवाड्यात उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय कॉलेजं आहेत.

"ह्या लग्नसराईला?" तात्यांनी विचारलं. सगळा वेळ याच प्रश्नाभोवती फिरत होते ते.

डॉक्टरांनी मान हलवली. ढिल्या हाडांच्या घोडीवर माणूस बसवायचा नाही. एखादं हाड मोडलं तर तिथेच सगळं संपेल. बारा-पंधरा सुपाऱ्या घेतलेल्या होत्या. तात्या जरा वेळ काही बोलले नाहीत. मग पुतण्याला म्हणाले, "लेका, तू डबं पाठवायच्या आदी एक फोन केला आसता, 'तात्या, घोडी खाती काय?' म्हणून..."

तो गप्प. मीही गप्प. कारण सुट्टीवर घरी गेल्यावर आईच्या औषधांच्या डब्यात मी काय काय भर घालून आलेय, ते मला आठवत होतं.

परतताना त्याच्याशी भीमथडीच्या तट्टांवर बोलणं निघालं. दख्खनची ही काटक जात. तिला अधिकृत जात म्हणून २०२३-२४ मध्ये कुठे मान्यता मिळाली. धनगरांच्या तांड्यांबरोबर ती तट्टं मैलोन्मैल चालतात आणि वाटेत मिळेल ते पाच-पन्नास प्रकारचं गवत चरतात. त्यांना कुणी स्कूप मोजून दिला नाही. पण राणी ठाणावर बांधलेली. समोर टाकू तेवढंच तिचं जग. तिथं चूक झाली, तर ती शेजारच्या बांधावर जाऊन दुरुस्त करू शकत नाही.

ही फेब्रुवारीतली गोष्ट. तात्यांनी सुपाऱ्या परत केल्या. तीन ठिकाणी चुलतभावाची घोडी पाठवली, बाकीचे पैसे गेले. जूनमध्ये इंजिनिअरनं व्हिडिओ पाठवला. राणी बांधावरून चालतेय, लंगडणं जवळजवळ नाही. चेहऱ्याची सूज आहे तशीच आहे. ती पूर्ण जाईलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. तुळशीच्या लग्नानंतर ते पुन्हा येऊन जबडा बघणार आणि मग ठरणार, नवरदेव बसवायचा की नुसती मिरवायची.

बॅग तोलायचा काटा आता ठाणाशेजारच्या खुंटीला टांगलेला असतो. परवा इंजिनिअरला बंगळुरूला जायचं होतं, म्हणून त्यानं तो परत मागितला. तात्यांनी दिला नाही.